दही खाऊन कोनी पोलीस झालं का?

मारबतीच्या सकाळी माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी ठेवू नये. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आमचं सगळं मुर्री गाव रस्त्यावर येतं. आदल्या दिवशी दाराशी टेकवून ठेवलेल्या पळसाच्या फांद्या खांद्यावर घ्यायच्या, घरातली मोडकी केरसुणी, फुटकं सूप, जे काही नकोसं असेल ते उचलायचं आणि शिवेबाहेर नेऊन टाकायचं. जाताना ओरडायचं. खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! ढेकून-मच्छर घेऊन जा गे मारबत! इतकं झालं की मग ज्याचं त्याचं दुखणं सुरू होतं. कुणी धानावरच्या तुडतुड्याला घालवतो, कुणी विजेच्या बिलाला, कुणी नाव न घेता शेजाऱ्याला. वर्षभर तोंड दाबून बसलेली माणसं त्या तासाभरात मनसोक्त बोंबलून घेतात. मला हा दिवस फार आवडतो. बाकीचे सण आनंदी राहायला सांगतात आणि मला ते जमत नाही.

गेली पाच वर्षं मी एकाच गोष्टीच्या नावानं बोंबलतो. प्रोटीन पावडर घेऊन जा गे मारबत! लोक हसतात. हसू देत.

यंदा मात्र नुसतं ओरडायचं नाही, तो डबाच नेऊन टाकायचा असं मी ठरवलं होतं. काळा कुळकुळीत, घागरीएवढा डबा, सोनेरी झाकण, आणि वर कुणाचा तरी फुगवलेला दंड. दंडाच्या वर माणूस दाखवलेलाच नाही. रिकामा झाल्यापासून त्यात लाखोरीची डाळ असते. दर वर्षी मी तो उचलतो आणि दर वर्षी माझी बायको, म्हणजे आमच्या मुलीची, प्रणालीची माय, तो माझ्या हातून काढून घेते. "डबा चांगला हाय. डाळ कायच्यात ठेवू, तुमच्या टोपीत?" यंदा ती नळावर गेलेली पाहून मी डाळ पातेल्यात ओतली आणि डबा काखोटीला मारून ओसरीवर आलो. तेवढ्यात कुंपणापलीकडून हेमराजनं हाक मारली.

हेमराज आमचा शेजारी. माणूस कष्टाळू, दीड एकर धान, दारात एक म्हैस. त्याची मुलगी नीलू यंदा पोलीस भरतीची तयारी करते आहे. माझ्या काखेतला डबा पाहून त्याचा चेहरा उजळला.

"भाऊ, हाच का जी तो डबा? प्रणाली पेत होती तो? कोन्या दुकानात भेटते?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हेमराजला वाटलं, भाऊ सकाळी सकाळी बिघडला. तो बिचारा साधी चौकशी करत होता. पण ती चौकशी माझ्याकडे करावी, आणि तीही आजच्या दिवशी, याचा मला संताप आला. हा संताप का आला ते सांगायचं तर पाच वर्षांपूर्वीच्या भरतीच्या हंगामात जावं लागेल.

आमच्याकडे हंगाम दोन नाहीत, तीन आहेत. खरीप, रब्बी आणि भरती. जाहिरात निघाली रे निघाली की पहाटे गोंदियाकडच्या रस्त्यावर धावणाऱ्यांची रीघ लागते. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात कॅनव्हासचे फाटके, कुणी अनवाणीच. पोट्ट्या ओढणी कमरेला बांधून धावतात. दोन्ही बाजूंना पाण्यात उभा असलेला धान, मध्ये डांबराचा काळा पट्टा आणि त्यावर धपधप पावलं. एके काळी मला तो आवाज बरा वाटायचा. आता पावलांच्या मागून दुसरा आवाज येतो. धावून झालं की सगळे कडेला थांबतात आणि हातातली प्लास्टिकची बाटली हलवतात. आत एक जाळीची गोळी असते. खडखड, खडखड, खडखड. तो आवाज आला की मी खिडकी लावून घेतो.

मी दुधातला माणूस आहे. गावच्या दूध संकलन केंद्रावर माझी तीस वर्षं गेली. लोकांच्या बरण्या घ्यायच्या, माप करायचं, नमुना काढायचा, फॅट लावायची आणि चिठ्ठी फाडून द्यायची. पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन म्हैस दूध जास्त देते आणि फॅट उतरते, मग लोक माझ्याशी भांडायचे, जणू मीच त्यांच्या म्हशीला गवत चारलं. कुणाच्या दुधात पाणी आहे ते मला बरणी कलंडतानाच कळायचं. या गोष्टीचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नव्हतो.

घरी आमच्या दोन म्हशी. सकाळचं दूध केंद्रावर जायचं, संध्याकाळचं घरी राहायचं आणि त्याचं दही लागायचं. प्रणालीच्या मायचं माहेर चोरखमाऱ्याचं, तलावाच्या खालच्या अंगाला. तिथून येताना तिनं भांडीकुंडी फारशी आणली नाहीत, दही लावायची रीत आणली. दूध चांगलं आटवायचं, बोटाला सोसेल इतकं निवू द्यायचं, मातीच्या मडक्यात ओतायचं आणि मडकं धानाच्या कोंड्यात गळ्यापर्यंत पुरून ठेवायचं. सकाळी वाटी कलंडली तरी दही जागचं हलत नसे. प्रणाली त्या दह्यावर वाढली. भातावर दही, पोळीशी दही, शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मडक्याचं झाकण उघडायचं. दुधाचा पेला मात्र तिच्यापुढे ठेवला की तसाच राहायचा, वर साय धरायची. दूध मोजणाऱ्या माणसाच्या घरात दूध न पिणारी पोरगी, याचा मला राग यायचा. नखरे आहेत, म्हणायचो. तिची माय म्हणायची, "राहू द्या ना, दही खाते ते." आणि पेला उचलून न्यायची.

प्रणाली धावायला चांगली होती. बापाला वाटतं म्हणून सांगत नाही, मैदानावरचे लोक सांगायचे. दोनदा भरतीत थोडक्यात हुकली होती. एकदा गोळाफेकीत, एकदा लेखी परीक्षेत. त्या साली वयाच्या अटीत बसायचं तिचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या जाहिरातीला तिला अर्ज करता आला नसता. हे तिला माहीत होतं, तिच्या मायला माहीत होतं, आणि मला तर इतकं माहीत होतं की मी दिवसातून चारदा तिला ते सांगायचो. पहाटे ती उठायच्या आधी मी उठलेला असायचो. तिच्या बुटांच्या नाड्या तपासायचो. धावून आली की ती वाटीभर दही आणि रात्री भिजवलेले हरभरे खायची, आणि मी समोर बसून पाहायचो. हे पुरेसं आहे का, या विचारानं मला घेरलं होतं.

त्याच सुमारास मैदानावर एक सर येऊ लागले. गोंदिया शहरातले. अंगाला चिकटलेला सदरा, गळ्यात शिट्टी, आणि मागे गाडीला बांधलेल्या पिशवीत काळे डबे. सगळे त्यांना सर म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. मी एकदा प्रणालीला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तिचा दंड दोन बोटांत धरून पाहिला, बाजारात बैल पाहतात तसा.

"खाती क्या है?"

"दही, चने," मी सांगितलं. "दूध घर का है. दो भैंस है."

ते हसले. "अंकल, दूध में क्या है? पानी है पानी. और दही तो बुड्ढे लोग खाते हैं."

दुधात पाणी असतं हे तो माणूस मला सांगत होता. मला! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला केंद्रावर नेऊन फॅट मोजायची नळी दाखवली असती. पण सरांनी डबा फिरवला आणि मागचा छापील तक्ता माझ्यासमोर धरला. ओळीच्या ओळी आकडे. तीस वर्षं मीच लोकांना आकडे दाखवत आलो होतो. म्हशीला जिवापाड जपणारी बाई चिठ्ठीवरचा आकडा पाहून कशी गप्प होते हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी मी तसाच गप्प झालो. प्रणाली शेजारी उभी होती. तिच्याकडे मी पाहिलंही नाही.

डब्याची किंमत मी दोनदा विचारून घेतली. पण संध्याकाळचं दूध विकलं तर महिन्याला एक डबा बसत होता. बसस्टँडजवळच्या एका चहावाल्याला मी दुसऱ्या दिवसापासून रतीब लावून टाकला. घरी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

पहिल्या सकाळी प्रणाली धावून आली, घाम पुसत स्वयंपाकघरात गेली आणि मडक्याचं झाकण उचललं. मडकं धुऊन पालथं घालून ठेवावं तसं कोरडं होतं.

"माय, दही नाई का आज?"

तिच्या मायनं माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. मला वाटलं मी विनोद करतो आहे.

"दही खाऊन कोनी पोलीस झालं का?"

प्रणालीनं झाकण परत ठेवलं. मी नवी बाटली काढली, पावडर टाकली, पाणी टाकलं आणि खडखड हलवून तिच्या हातात दिली.

त्या हंगामाचा वास मला अजून येतो. धानाच्या खाचरातला चिखल, गोठ्यातलं ओलं गवत, भिंतीची ओल, आणि या सगळ्यांवर तो चॉकलेटचा खोटा वास. डबा बंद असला तरी यायचा. चादरीला यायचा, भाकरीच्या टोपलीला यायचा. प्रणाली डोळे मिटून, श्वास धरून बाटली संपवायची. मग मोरीकडे जायची आणि बराच वेळ यायची नाही. तिचा चेहरा उतरत चालला होता, गालाची हाडं वर आली होती. मी केंद्रावर दूध घालायला येणाऱ्यांना सांगायचो, "पोट्टीची चरबी झडून राहिली. सर म्हनते अंगी लागून राहिलं." लोक माना डोलवायचे. डबा विकत आणणारा गावातला मी पहिला होतो. मी मिरवत होतो हो, दुसरा शब्द नाही त्याला.

एकदा जनावरांचे डॉक्टर केंद्रावर आले होते. मी मोठ्या ऐटीत त्यांना डबा दाखवला आणि त्यावरचा एक शब्द मला कळत नव्हता तो विचारला. व्हे.

"अहो, पनीर काढल्यावर उरतं ना ते पाणी," डॉक्टर म्हणाले. "ते गाळायचं, वाळवायचं, भुकटी करायची. वाईट नसतं. प्रोटीन असतं त्यात."

बाजारातल्या पनीरवाल्याच्या मागची नाली मी शंभरदा ओलांडली होती. पिवळट हिरवं पाणी, त्यावर फेस, आणि तोंड घालून ते पिणारी डुकरं. म्हणजे मी घरचं दूध चहावाल्याच्या पातेल्यात ओतत होतो आणि त्या पैशात फाटलेल्या दुधाच्या पाण्याची भुकटी घरी आणत होतो. त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला तो उलटाच. मला वाटलं, दुधाचंच आहे म्हणायचं! मग काळजी कसली? मी समाधानानं डब्याचं झाकण लावलं.

उगाच अन्याय नको म्हणून सांगतो, पावडर म्हणजे काही विष नाही. ज्याला परवडते, पचते आणि ज्याच्या ताटात दुसरं काही पडण्याची सोय नाही त्यानं खुशाल प्यावी. पण आमच्या दारात म्हैस आहे. मडकं आहे. बांधावर हरभरा होतो, परसात कोंबडी अंडं घालते, आणि हे सगळं मिळून त्या एका डब्याच्या निम्म्यात महिना निघतो, तोही एकट्या पोरीचा नाही, घरादाराचा. तरी आम्हाला ते खाणं वाटत नाही. कारण ते फुकट असल्यासारखं दिसतं. त्याच्यावर कुणाचा दंड छापलेला नाही, मागे तक्ता नाही, सोनेरी झाकण नाही. मला याची चीड येते. आणि पावडरीहून जास्त चीड दुसऱ्या एका गोष्टीची येते, जी मी केंद्रावर तीस वर्षं रोज पाहिली. ज्यांच्या घरी म्हशी, त्यांच्याच पोरांच्या वाट्याला दूध म्हणजे चहात पडेल तेवढं. बाकी सगळं बरणीत. बरणी माझ्याकडे. मी फॅट लावून चिठ्ठी द्यायचो. चोरखमाऱ्याकडच्या जंगलातली जुनी माणसं गाईचं दूध काढतच नसत, दूध वासराचं असतं म्हणायची. आम्ही त्यांना अडाणी म्हणत आलो. निदान तिथे वासराचं पोट तरी भरत होतं.

मैदानी चाचणी बाहेरच्या जिल्ह्यात होती, पोळ्याच्या चार दिवस आधी. आदल्या दिवशी आम्ही बापलेक जाऊन एका ओळखीच्या घरी उतरलो. पावडर मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेली होती. पहाटे पाऊस थांबला. मी बाटली भरली आणि आज शेवटचा दिवस म्हणून दोन चमचे जास्तच टाकले. प्रणाली बूट बांधत होती.

"बाबा, आज नको."

"आजच तं पाहिजे, बेटा."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाटली घेतली आणि उभ्यानंच संपवली.

आठशे मीटर धावायचं होतं. पालकांना आत सोडत नव्हते, मी जाळीच्या कुंपणाला तोंड लावून उभा होतो. माझ्यासारखे आणखी बरेच होते, सगळ्यांच्या कपाळावर जाळीचे वळ. मैदान ओलं होतं पण घट्ट होतं. पहिल्या फेरीत प्रणाली दुसरी होती. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा उजवा हात पोटाशी गेला. मला वाटलं सदरा सावरते आहे. मग ती वाकली. थांबली नाही, पण धावणंही राहिलं नाही, पोट धरून नुसती पुढे पडत होती. एकेक मुलगी तिला ओलांडून गेली. रेघ पार करून ती सरळ मैदानाच्या कडेला असलेल्या संडासांकडे गेली. गुण कमी पडले. लेखीला नाव येण्याइतके झाले नाहीत. तिचं वय तिथेच संपलं.

परतीची बस कोहमाऱ्याला बदलायची होती. चौकात ट्रक उभे, चिखल, आणि ढाब्यांवरून फोडणीचा धूर. आम्ही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एका ढाब्यावर बसून मी दोन थाळ्या सांगितल्या. थाळ्या आल्या. प्रणालीनं तिची बाजूला सारली आणि ढाबेवाल्याला म्हणाली, "भाऊ, दही हाय का?" त्यानं वाटी आणून दिली. तिनं त्यात चिमूटभर साखर टाकली आणि खाली मान घालून खाल्ली. मग दुसरी मागितली. महिनाभर उपाशी असलेलं माणूस खातं तशी ती दही खात होती, आणि मी तिच्या समोर बसून भरल्या थाळीकडे पाहत मनात म्हणत होतो, पैसे वाया गेले. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला तिचं दुःख दिसलं नाही. मला माझा पराभव दिसत होता.

पोळ्याच्या दिवशी सकाळी तिची माय पुरण वाटत होती. मी चुलीपाशी बसून सरांना, मैदानाला, पावसाला, प्रणालीला शिव्या घालत होतो. ऐन वेळी पोट कसं दुखतं, मनाची तयारी नव्हती, वगैरे. तिच्या मायनं वरवंटा थांबवला.

"तिले दूध सोसतच नाही जी. लहान होती तवापासून. पोटात गोळा येते, मोरीवर बसून राहते. दही सोसते. तुमाले माहीत नाही?"

"पन ते पावडर होतं."

"पावडर कायची होती?"

मला उत्तर माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मंग पेत काऊन होती ते?" मी विचारलं.

"तुमी आनलं म्हनून."

"मले सांगाचं ना!"

"सांगतलं. दोनदा सांगतलं. तुमी म्हनलं, नखरे करून राहिली." आणि तिनं वरवंटा पुन्हा फिरवायला घेतला.

मला ते दोनदा आठवत नाही. पाच वर्षं आठवतो आहे, एकदाही आठवत नाही. तीस वर्षांत कुणाच्या म्हशीनं कोणत्या महिन्यात किती फॅट दिली ते मी आजही सांगू शकतो. कुणाच्या बरणीत पाणी आहे ते मला बरणी कलंडताना कळतं. माझ्या घरात दुधाचा पेला इतकी वर्षं साय धरून परत जात होता, त्याचं कारण मला कळलं नाही. मला माझी लाज वाटते. ही लाज मी दर वर्षी पावडरीच्या नावानं शिवेबाहेर नेतो आणि दर वर्षी ती माझ्या आधी घरी येऊन बसलेली असते.

त्या वर्षीच्या मारबतीला मी पहिल्यांदा ओरडलो. प्रोटीन पावडर घेऊन जा गे मारबत! पोरं हसली, बाया हसल्या. प्रणाली पळसाची फांदी घेऊन माझ्या पुढे चालत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात ती नागपूरला गेली. तिथे एका मॉलच्या दारात निळा गणवेश घालून उभी असते आणि येणाऱ्या बायकांच्या पर्सा तपासते. त्या निळ्या रंगाकडे मला पाहवत नाही. पोळ्याला ती दोन दिवसांची सुट्टी घेऊन येते. यंदाही आली आहे.

तर, हेमराज कुंपणापलीकडे उभा होता आणि माझ्या काखेत डबा होता.

"कायले पाहिजे तुले डबा?" मी म्हणालो. "दारात म्हैस हाय ना तुह्या?"

"हाय ना जी."

"दही लावते ना वहिनी?"

"लावते. पन दही तं घरचंच हाय, भाऊ. घरच्या दह्यानं नोकरी लागते का?"

माझंच वाक्य. पाच वर्षं माझ्या कानात घोळणारं वाक्य त्यानं कुंपणावरून माझ्या तोंडावर फेकलं, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मग मात्र माझा तोल गेला. मी सगळं बोललो. पनीरवाल्याची नाली काढली, डुकरं काढली, सर काढले, त्याची अक्कल काढली. मूर्ख म्हणालो. पोरीच्या जिवावर उठला आहेस म्हणालो. रस्त्यावरून फांद्या घेऊन जाणारे लोक थांबून पाहू लागले. हेमराजही तापला.

"तुमच्या पोरीनं पेलं तं चाललं! माह्या पोरीनं पेलं तं तुमाले मिरची लागून राहिली! तिचा लंबर लागन म्हनून पोट दुखते का तुमचं?"

मी डबा त्याच्याकडे भिरकावणार होतो. खरंच भिरकावणार होतो. तेवढ्यात प्रणाली घरातून बाहेर आली. आमचं सगळं तिच्या कानावर गेलंच असणार, गावाच्या कानावर गेलं होतं. ती माझ्याजवळ थांबली नाही. फाटक उघडून पलीकडे गेली आणि हेमराजसमोर उभी राहिली. नीलू दारात पेल्यातलं काहीतरी घोट घोट पीत होती.

"काका," प्रणाली म्हणाली, "डब्याचं मंग पाहा. पयले नीलूले इचारा तिले काय सोसते ते. दूध सोसते का, दही सोसते का, काय खाऊन ते चांगली धावते. तिले इचारा. मले कोनी इचारलंच नाही."

ती रागानं बोलली नाही. कुणाला बसस्टँडचा रस्ता सांगावा तशी बोलली. हेमराज माझ्याकडे पाहू लागला, मग नीलूकडे. नीलूनं पेला खाली ठेवला. रस्त्यावरचे लोक पुढे निघाले आणि पुन्हा ओरडू लागले. खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! मी तोंड उघडलं, पण या वेळी कुणाचं नाव घेऊन ओरडावं ते मला सुचेना.

शिवेवर मी गेलोच नाही. घरात येऊन डबा फडक्यानं पुसला, पातेल्यातली डाळ परत त्यात भरली आणि झाकण लावलं. त्या डब्यानं काही केलं नव्हतं. प्रणाली आत आली, हातपाय धुतले आणि ताटापाशी बसली. तिची माय अजून नळावरून यायची होती. कोपऱ्यात कोंड्यात पुरलेलं मडकं होतं, ती येणार म्हणून आदल्या दिवशी लावलेलं. मी ते उकरून काढलं आणि पळी हातात घेऊन उभा राहिलो.

"प्रणाली, तुले दही पाहिजे का?"

तिनं वर पाहिलं.

"आता काऊन इचारून राहिले, बाबा?" ती म्हणाली, आणि वाटी पुढे केली.